टॅमलपायसच्या वाटा : पाणी, वणवा आणि सायकल

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला गोल्डन गेटची सामुद्रधुनी ओलांडली की कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी लागते. तिच्या दक्षिण भागात टॅमलपायस हा डोंगर आहे. आसपासचे लोक त्याला नुसते 'टॅम' म्हणतात. त्याच्या पूर्व शिखराची उंची २,५७१ फूट, म्हणजे सुमारे ७८४ मीटर. उंची माथेरानएवढीच, पण पायथ्याशी समुद्र असल्याने सगळी चढण पायाखाली येते. ओलसर घळींत रेडवुडचे उंच वृक्ष, मधल्या उतारांवर ओक आणि डग्लस फर, माथ्याकडे मान्झनिटाची काटक झुडपे असा झाडोरा आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो आणि शरद ऋतूत सगळे रान वणव्याच्या तोंडाशी उभे असते. या डोंगरावरच्या वाटांचा इतिहास बराचसा या ऋतुमानाने लिहिला आहे.

आज जगभर माउंटन बाइक म्हणून विकली जाणारी सायकल १९७० च्या दशकात टॅमवर आणि त्याच्या वायव्येच्या पाइन माउंटनच्या उतारांवर आकाराला आली. ती ज्या वाटांवर घडली त्यांतली एकही सायकलीसाठी काढलेली नव्हती. कोणी रेल्वेसाठी जागा कापली होती, कोणी पाणी राखण्यासाठी, कोणी आग विझवण्यासाठी, तर कोणी रविवारच्या पायपिटीसाठी. या चार हेतूंचे चार वारसदार पुढे एकाच डोंगरावर हक्क सांगू लागले. सायकलीचा जन्म आणि तिच्यावरची बंदी, दोन्हींचे मूळ तिथे सापडते.

डोंगरावर मूळ वस्ती किनारपट्टीच्या मिवोक लोकांची. स्पॅनिश मिशन, नंतर मेक्सिकन जमीनदाऱ्या आणि १८४९ नंतरची सोन्याची झुंबड यांत त्यांची गावे मोडली. सॅन फ्रान्सिस्को उभारायला लागलेल्या लाकडासाठी मरिनमधले रेडवुड तोडले गेले. मिल व्हॅली या गावाचे नाव तिथल्या लाकूड-गिरणीवरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी फेरीबोटीने सॉसालिटोला उतरून, तिथून आगगाडीने मिल व्हॅलीला येऊ लागले.

त्यांना माथ्यापर्यंत नेण्यासाठी १८९६ मध्ये डोंगरी रेल्वे सुरू झाली. लांबी सव्वाआठ मैलांना थोडी कमी आणि वळणे २८१. 'जगातली सर्वांत वाकडी रेल्वे' अशी तिची जाहिरात होत असे आणि ती फारशी खोटी नव्हती. एका ठिकाणी चढ सौम्य ठेवण्यासाठी रूळ स्वतःभोवतीच वेटोळे घालत वर चढत. माथेरानची गाडी याच पिढीतली, १९०७ ची. दोन्हींचा ग्राहकही एकच, शहरातून हवा खायला निघालेला माणूस. टॅमच्या गाडीची एक खासियत मात्र माथेरानला नव्हती. खाली येताना इंजिन लागत नसे. प्रवाशांनी भरलेला उघडा डबा नुसत्या उतारावर सोडून दिला जाई आणि पुढे बसलेला एक माणूस फक्त ब्रेकच्या जोरावर तो वळणावळणांतून आणत असे. १९०७ मध्ये रेडवुडच्या घळीपर्यंत फाटा निघाल्यावर तिकडेही हे डबे धावू लागले. या डोंगरावर यंत्राविना, ब्रेकच्या भरवशावर उतरण्याची मौज पैसे देऊन घेणारे लोक सायकलवाल्यांच्या सत्तर वर्षे आधी होऊन गेले, ही नोंद सायकलीच्या इतिहासात सहसा येत नाही.

मोटारी आल्या, माथ्यापर्यंत मोटाररस्ता झाला आणि रेल्वेचे उत्पन्न आटले. १९२९ च्या जुलैत मोठा वणवा लागला. त्यात मिल व्हॅलीतली शंभरहून अधिक घरे जळाली आणि रेल्वेलाही झळ बसली. पुढच्या वर्षी रूळ उखडण्यात आले. उरला तो रुळांखालचा भराव : कुठेही सुमारे सात टक्क्यांपेक्षा जास्त न चढणारा, रुंद, वळणदार कच्चा रस्ता. रेल्वेने १९०४ मध्ये बांधलेले वेस्ट पॉइंट इन हे विश्रामगृह त्याच्या कडेला आजही उभे आहे.

पाण्याची कथा रेल्वेच्याही आधीची. लागुनितास ओढ्यावरचे पहिले धरण १८७० च्या दशकातले. त्यानंतर डोंगराच्या उत्तर बाजूला फिनिक्स, अल्पाइन अशी एकामागून एक धरणे झाली. आधी हा कारभार खासगी पाणी कंपन्यांकडे होता. त्यांतल्या एका कंपनीची नजर रेडवुडच्या शेवटच्या अखंड घळीवर पडली. तिथे बांध घालून तळे करायचा तिचा बेत होता. घळीचा मालक विल्यम केंट याने २९५ एकर जमीन संघराज्य सरकारला देऊन टाकली आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ च्या जानेवारीत 'म्यूर वूड्स' हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. हा केंट डोंगरी रेल्वेच्या भागीदारांपैकी होता आणि घळ वाचली की प्रवासीही वाढणार होते. पुण्य आणि धंदा इतक्या सोयीने एकत्र येणे विरळाच. १९१२ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी सार्वजनिक मंडळ स्थापन झाले आणि हळूहळू डोंगराचा उत्तर उतार, अठरा हजार एकरांहून अधिक जमीन, त्याच्या ताब्यात आली. या मंडळाचे पहिले काम लोकांना स्वच्छ पाणी देणे. रानात फिरायला परवानगी आहे ती त्या कामात अडथळा येत नाही तोवर. पुढच्या सगळ्या भांडणांत मंडळाची भूमिका याच अटीतून निघाली.

पायी फिरणाऱ्यांचा वारसा तितकाच जुना आणि जास्त अभिमानाचा. मिल व्हॅलीपासून डोंगर ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारी 'डिप्सी' ही पायी शर्यत १९०५ पासून चालत आली आहे. १९१२ मध्ये 'टॅमलपायस कॉन्झर्व्हेशन क्लब' स्थापन झाला. त्याच वर्षी जर्मन स्थलांतरितांनी आपला 'टुरिस्ट क्लब' काढला. या मंडळींत कारकून, कारागीर, दुकानदार असे लोक पुष्कळ होते. आठवडाभर शहरात राबायचे आणि रविवारी फेरीबोट धरून डोंगरावर यायचे, असा त्यांचा क्रम. त्यांनी स्वतःच्या हातांनी पायवाटा काढल्या, दिशादर्शक पाट्या ठोकल्या, ओढ्यांवर ओंडके टाकले, सरकारमागे लकडा लावून १९२८ मध्ये डोंगराच्या दक्षिण भागात राज्य उद्यान करवून घेतले. त्यांच्या वाटा अरुंद आहेत, एका माणसाच्या रुंदीच्या, उताराला आडव्या जाणाऱ्या, झाडांच्या मुळांना वळसा घालणाऱ्या. आपल्या वाडवडिलांनी खणलेल्या वाटेवर पन्नास वर्षांनी मागून भरधाव सायकल आली, तेव्हा त्या वारसदारांना काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

चौथा हेतू वणव्याचा, आणि सायकलीच्या दृष्टीने तोच निर्णायक. १९२९ च्या आगीनंतर डोंगरावर आग अडवण्यासाठी आणि बंब वर नेण्यासाठी रस्ते हवे होते. आपल्याकडे वनखाते जाळरेषा काढते तोच विचार, फक्त त्या रेषेवरून ट्रक जाऊ शकेल एवढी रुंदी. १९३३ नंतर मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी पथकांनी राज्यभर असे रस्ते काढले आणि टॅमही त्याला अपवाद नव्हता. आग अडवायची तर रस्ता धारेधारेने जायला हवा आणि दरीत लवकर पोचायला हवा. त्यामुळे हे 'फायर रोड' पायवाटांसारखे आडवे न जाता सोंडेवरून जवळजवळ सरळ खाली कोसळतात. वर सुट्या खडीचा थर, मधे पावसाने पडलेल्या घळ्या, अचानक येणारी वळणे. १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल झाला, फेरीचे दिवस सरले, मरिन हे शहराचे सधन उपनगर बनले. वनरक्षकाची गाडी सोडली तर हे रस्ते वर्षातले बहुतेक दिवस रिकामे असत.

रिकाम्या रस्त्यांवर पहिल्यांदा उतरली ती शाळकरी पोरे. १९७० च्या आगेमागे लार्कस्पर गावातली एक टोळी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर ढकलत नेऊन खाली सोडत असे. या सायकलींना तिकडे 'क्लंकर' म्हणत. आपल्याकडच्या भाषेत खटारा. त्यांचे मूळ १९३० च्या दशकात आहे. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये मोटारीसारखे फुगीर टायर सायकलीला लावले. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांसाठी बनवलेल्या या सायकली वजनाने वीस किलोच्या आसपास, पण दणकट. युद्धानंतर त्या मागे पडल्या आणि भंगारात गेल्या. तिथून पाच-दहा डॉलरांत एखादी उचलायची, मडगार्ड, घंटी, नकली पेट्रोलटाकी असा सगळा साज काढून टाकायचा, मोडली की दुसरी आणायची.

पोरांचा हा खेळ मोठ्या सायकलपटूंनी उचलला तेव्हा त्याला दिशा मिळाली. जो ब्रीझ हा रस्त्यावरच्या शर्यतींत उतरणारा आणि सायकलीच्या फ्रेम जोडण्याचे काम शिकलेला तरुण. १९७३ मध्ये त्याने १९४१ सालची एक जुनी श्विन पाच डॉलरला घेतली. गॅरी फिशर हाही शर्यतींतला. केस फार लांब आहेत म्हणून शर्यतींच्या संघटनेने त्याला १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षे बाहेर ठेवले होते. चार्ली केली एका रॉक बँडचे सामान वाहण्याचे काम करी. तिघेही 'व्हेलो क्लब टॅमलपायस' या सायकल-क्लबातले. आठवडाभर हलक्या, नाजूक शर्यती सायकलींवर रस्त्याचा सराव, आणि गंमत म्हणून खटाऱ्यांवर डोंगर, असा त्यांचा दिनक्रम होता.

खटाऱ्याची खरी अडचण चढणीची. एकच गिअर, त्यामुळे वर जाताना ढकलत न्यावी लागे किंवा कोणाच्या तरी पिकअप ट्रकात टाकून. १९७४ च्या डिसेंबरात मिल व्हॅलीत चिखलातल्या सायकलशर्यतीची एक स्पर्धा झाली. तिथे दक्षिणेकडच्या कुपर्टिनो गावाहून आलेल्या काही जणांच्या जाड टायरच्या सायकलींना अनेक गिअर, हँडलवर अंगठ्याने बदलायचे खटके आणि मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर होते. मरिनच्या मंडळींनी ते डोळे भरून पाहून घेतले. कुपर्टिनोची टोळी पुढे पांगली, पण कल्पना मरिनमध्ये राहिली. फिशरने थोड्याच काळात आपल्या श्विनला गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले. आता सायकल चढूही लागली.

वेगाच्या बढाया मिटवण्यासाठी शर्यत आली. फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेला, पाइन माउंटनच्या धारेवरून कॅस्केड घळीत उतरणारा एक फायर रोड त्यासाठी निवडला गेला. दोन मैलांच्या थोड्या वर अंतरात तो सुमारे १,३०० फूट खाली येतो. जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे आणि पॅडल उलटे मारले की लागे. एवढ्या उतारावर तो सतत दाबून ठेवावा लागल्याने हब तापे, आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि खाली पोचल्यावर हब खोलून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. या 'री-पॅक' करण्यावरून रस्त्यालाच रीपॅक नाव पडले. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली आणि ॲलन बाँड्स याने ती जिंकली.

स्वारांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडत आणि खाली वेळ घेत. वळणांना नावे पडली : फोटो काढायला बरे ते 'कॅमेरा कॉर्नर', आणि मार्क व्हेन्डेटी तोंडावर पडला ते 'व्हेन्डेटीज फेस'. फिशरचा ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम टिकला. ब्रीझ त्याच्या मागे दोनच सेकंदांनी होता, मात्र जिंकलेल्या शर्यतींत ब्रीझच पुढे. वेंडी क्रॅग ही स्वार आणि छायाचित्रकार. त्या काळाचे जे चित्र आज डोळ्यांसमोर आहे ते बरेचसे तिच्या कॅमेऱ्यातले. १९८४ पर्यंत एकूण २४ शर्यती झाल्या. प्रेक्षक मोजके, परवानगी कसली नाही, बक्षीस नावापुरते. तरीही सायकलीच्या तंत्रज्ञानावर या एका रस्त्याइतका परिणाम मोठमोठ्या कारखान्यांनीही त्या दशकात केला नाही. रीपॅकवर जे तुटायचे ते पुढच्या आठवड्यात बदलले जाई : पुढचा चिमटा वाकला की जाड चिमटा, ब्रेक जळाला की वेगळा ब्रेक, रिम पिचली की दुसरी. फायर रोडने सायकलीची परीक्षा घेतली आणि नापास झालेला प्रत्येक भाग काढून टाकला. दोन चाकांमधले लांब अंतर, पसरट हँडल, दम धरणारे ब्रेक, जाड टायर ही माउंटन बाइकची ठेवण म्हणजे त्या कच्च्या रस्त्याचाच साचा आहे.

डोंगरात सायकल घालणारे मरिनचे लोक पहिले नव्हते. १८९० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळातील कृष्णवर्णीय सैनिकांनी मोंटाना राज्यातून सायकलींवर लांब पल्ले गाठले होते. १९५० च्या दशकात पॅरिसजवळ एका क्लबाने चिखलात चालणाऱ्या सायकली जुळवल्या होत्या. इंग्लंडमध्ये १९५५ पासून आडरानात फिरणाऱ्यांची संघटना होती. कॅलिफोर्नियातच जॉन फिनली स्कॉट याने १९५३ मध्ये रानासाठी एक सायकल तयार केली होती. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटमध्ये १९७६ च्या सप्टेंबरात, रीपॅकच्या महिनाभर आधी, खटारे घेऊन १२,७०० फुटांवरची पर्ल पास ही खिंड ओलांडून लोक ॲस्पेनला गेले. मरिनचे वेगळेपण शोधापेक्षा सातत्यात आहे. दर काही आठवड्यांनी शर्यत, शर्यतीला लागून वाद, वादाला लागून सुधारणा, आणि फ्रेम जोडू शकणारे हात जवळच. १९७८ मध्ये केली, ब्रीझ, फिशर, क्रॅग आणि मायकेल कॅस्टेली हे पर्ल पासला गेले तेव्हा दोन्ही टोळ्यांची ओळख झाली आणि कोलोरॅडोच्या मंडळींना कळले की कॅलिफोर्नियावाले खटारे आणत नाहीत, नव्या सायकली आणतात.

ती नवी सायकल ब्रीझची. केलीने मागणी केल्यावर त्याने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची, फक्त डोंगरासाठी बेतलेली फ्रेम केली. १९७७ च्या शरदात पहिली 'ब्रीझर' रीपॅकवर उतरली आणि १९७८ पर्यंत अशा दहा झाल्या. पहिली ब्रीझर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दहा सायकली म्हणजे धंदा नव्हे. तो टॉम रिची याच्यामुळे सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहणारा हा तरुण फ्रेम झपाट्याने जोडत असे. १९७९ मध्ये त्याच्या फ्रेम विकण्यासाठी फिशर आणि केली यांनी थोडेसे पैसे एकत्र करून एक गॅरेज भाड्याने घेतले आणि कंपनीचे नाव ठेवले 'माउंटनबाइक्स'. सायकलीची किंमत हजार डॉलरांच्या वर. लोकांनी त्यांना वेड्यात काढले, पण माल संपत राहिला. नावावर मालकी हक्क मात्र त्यांना मिळाला नाही. ते सर्वांचे झाले. १९८१ मध्ये माइक सिन्यार्ड याच्या 'स्पेशलाइज्ड' कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टम्पजंपर' ७५० डॉलरला बाजारात आणली आणि डोंगरातली सायकल दुकानात आली. दशक संपेपर्यंत अमेरिकेत ती रस्त्यावरच्या शर्यती सायकलींपेक्षा जास्त खपू लागली.

केली आणि डेनिस कॅरामॅन्यो यांनी १९८० पासून 'फॅट टायर फ्लायर' हे या खेळाचे पहिले नियतकालिक चालवले. १९८३ मध्ये शर्यतींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि रीपॅकच्या शेवटच्या शर्यती तिच्या नियमांखाली झाल्या. फेअरफॅक्सची जॅकी फेलन या संघटनेच्या पहिल्या वर्षांत स्त्रियांमध्ये विजेती ठरली आणि १९८७ मध्ये तिने केवळ स्त्रियांसाठी सायकल-क्लब काढला. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोच्या दुरँगोत झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ गेला.

जगभर खेळ वाढत असताना जन्मभूमीत दारे लागत होती. पहिल्या दहा-वीस जणांकडे कोणी लक्ष दिले नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर शनिवार-रविवारी शेकडो सायकली डोंगरावर येऊ लागल्या. सायकलीचा आवाज होत नाही आणि ती वळणावरून अचानक येते. पायी चालणारे बिथरले, घोडेस्वारांची जनावरे बुजली, अपघातांच्या तक्रारी झाल्या. पाणी मंडळाने अरुंद पायवाटा सायकलींना बंद ठेवल्या, फक्त फायर रोड उघडे राहिले, आणि त्यांवरही ताशी १५ मैलांची मर्यादा आली. माणसाजवळून किंवा आंधळ्या वळणावरून जाताना ताशी ५ मैल. वनरक्षक मोटाररस्त्यावरच्या पोलिसासारखे रडारची बंदूक घेऊन झुडपाआड बसू लागले आणि दंड करू लागले. रीपॅकवर ज्या वेगाने ही सायकल घडली तो वेग तिच्या घरीच गुन्हा ठरला.

संघराज्याच्या जमिनीवरही तेच घडले. १९६४ च्या 'विल्डरनेस' कायद्याने राखीव रानात 'यांत्रिक वाहतूक' मना केली होती. त्यात सायकल येते की नाही हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. १९८४ मध्ये वनखात्याने नियम करून ती येते असे ठरवले. मरिनच्याच किनाऱ्यावरच्या पॉइंट रेयेसच्या राखीव रानातल्या वाटा पाठोपाठ बंद झाल्या. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने उलटा नियम केला : जिथे स्पष्ट परवानगी आहे तिथेच सायकल, बाकी सर्वत्र बंद. गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातल्या वाटांसाठी मरिनच्या सायकलवाल्यांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयात हरली. तोवर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना उभी केली होती. तिचा मार्ग न्यायालयापेक्षा फावड्याचा होता : वाट मागायची असेल तर आधी वाट दुरुस्त करून दाखवा.

सायकलीने वाट खराब होते हा आक्षेप तपासून पाहण्यात आला. मोंटानातल्या वाटांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्सन आणि सेनी यांच्या प्रयोगात घोडे आणि पायी चालणारे यांनी सायकलींपेक्षा जास्त माती मोकळी केली असे आढळले. एका प्रयोगाने वाद मिटत नाही, आणि मुळात तो वाद मातीचा कमी आणि मनःशांतीचा जास्त होता. पण मातीवर खरा घाव कोण घालते हे या काळात नीट कळले : पाणी. उतारावरून सरळ खाली जाणाऱ्या वाटेवर पाणी वाटेनेच वाहते, वेग घेते आणि घळी पाडते. जुने फायर रोड नेमके तसे आहेत, त्यामुळे दर हिवाळ्यानंतर त्यांची डागडुजी करावी लागते. नव्या पद्धतीत वाट डोंगराला आडवी, समउंचीच्या रेषेच्या कलाने काढतात. तिचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. वाटेचा तळ दरीकडे किंचित झुकता ठेवतात आणि मधेमधे छोटे उंचवटे देतात, म्हणजे पाणी साठायच्या आत वाट सोडून जाते. सह्याद्रीतल्या पाऊलवाटांवर बसवलेल्या आडव्या दगडांच्या ओळींमागे हेच ज्ञान आहे. टॅमच्या जुन्या पायवाटा खणणाऱ्या रविवारच्या मंडळींनाही ते ठाऊक होते. सायकलवाल्यांची पुस्तके आकडे घालून तेच सांगतात.

१९९५ मध्ये मिल व्हॅलीच्या परिसरात टॅनओकची झाडे झपाट्याने वाळू लागली. कारण फायटोप्थोरा रामोरम हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव असल्याचे पुढे निष्पन्न झाले. रोग पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, पण चिखलातूनही तो दूर जाऊ शकतो. बुटाच्या, नालाच्या किंवा टायरच्या. चिखल धुऊन मगच रानाबाहेर जा, अशा पाट्या तेव्हापासून लागल्या. वाळलेल्या झाडांनी वणव्याचे इंधनही वाढवले. पाणी आणि आग ही मंडळाची जुनी काळजी त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आली, आणि नव्या वाटा उघडण्याच्या प्रत्येक प्रस्तावात रान, मृदा आणि पक्षी यांचा हिशेब मागितला जाऊ लागला.

मधल्या काळात तडजोडी झाल्या, त्या तुकड्यातुकड्यांनी. रेल्वेच्या जुन्या भरावावर सायकल चालते. किनाऱ्याकडच्या उतारांवर पायी आणि सायकल दोघांसाठी काही नवी आखणी झाली. चोरून वाटा खोदणे आणि वनरक्षकांनी त्या बुजवणे, हा लपंडावही चालूच राहिला. माउंटन बाइकचे सन्मान-दालन १९८८ पासून क्रेस्टेड ब्यूटला होते. ते फेअरफॅक्सला हलवून २०१५ मध्ये मरिन सायकल संग्रहालयात उघडण्यात आले.

अरुंद वाटेवरून कायद्याने सायकल नेण्याची सोय फेअरफॅक्सच्या वरच्या टेकडीवर झाली, तीही सरकारी जमिनीवर नाही. तिथे बॉय स्काउट्सच्या मरिन शाखेचा टॅमारँचो हा तळ आहे. संस्थेने आपल्या रेडवुडच्या आणि ओकच्या रानातल्या फेऱ्याची वाट सायकलींसाठी परवाना-शुल्क घेऊन खुली केली. शुल्काच्या पैशातून वाटेची देखभाल होते आणि फावडे-कुदळी घेऊन स्वयंसेवक येतात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथेच नव्या पद्धतीची 'फ्लो ट्रेल' आखली गेली : कडेला उचललेली वळणे, लाटांसारखे चढउतार, पाणी काढून देणारे उंचवटे, आणि ब्रेकला कमीत कमी हात लागावा असा कल. या टेकड्यांत मुद्दाम सायकलीसाठी आखलेल्या मोजक्या कायदेशीर वाटांपैकी ती एक.